दंतवैद्याकडची मुलगी

आपल्या भाषेत 'उष्टे' म्हणून एक शब्द आहे. एकाच्या तोंडास लागलेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडास लागू नये, एवढा मोठा नियम त्या दोन अक्षरांत मावलेला आहे. आणि आपल्या घरांतील मूल धड बोलू लागण्यापूर्वीच तो शिकते. तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याची कसरत त्यास पाच-सहा वर्षांचे असतानाच साधते. नैवेद्याचे ताट देवापुढून परत येईतो त्यातल्या लाडवाकडे नुसते पाहावयाचे असते, हेही त्यास वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही फोंडा महालात दातांचा दवाखाना मांडून बसलो, त्यास तीस वर्षे होऊन गेली. या अवधीत आमच्याकडे मदतनीसाचे काम शिकण्यास ज्या मुली आल्या, त्या बहुतेक म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे अशा गावांच्या, देवळाचा चौघडा ऐकत वाढलेल्या. त्यांस जंतुसंसर्गाचा विषय समजावून देताना या एका शब्दाचे आम्हांस जितके साहाय्य झाले, तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाचे झाले नाही. आणि मौज अशी की, जितकी अडचण झाली तितकीही दुसऱ्या कशाची झाली नाही.

प्रथम या मुलीविषयीच सांगितले पाहिजे, कारण तिला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. रुग्ण तिला 'दोतोरागेर आसता तें चेडूं' म्हणतात. शेजारीपाजारी 'डॉक्टरांकडे कामाला असते' एवढेच सांगतात. क्वचित कोणी 'नर्स' म्हणतो, तेव्हा ती स्वतःच लाजते. इंग्लंडात याच कामाला 'डेंटल नर्स' असे रीतसर नाव आहे, शिक्षणक्रम आहे, परीक्षा आहे. २००८ सालापासून जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज तेथे कोणालाही या नावाने काम करता येत नाही. जी अजून शिकत आहे, तिनेही शिक्षणक्रमात नाव घातलेले असावे लागते आणि नोंदणी झालेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावे लागते. आपल्याकडे १९४८ चा दंतवैद्यक कायदा झाला, त्याने दंतवैद्य, दंतस्वच्छक आणि दात घडविणारे यांत्रिक अशा तिघांच्या नोंदणीची व्यवस्था केली. खुर्चीशेजारी उभी राहणारी मुलगी त्या तिघांत नव्हती. तिने दहावी-बारावी व्हावे, नीटनेटके असावे, सकाळी वेळेवर यावे, एवढीच अपेक्षा. आणि बाकीचे सारे डॉक्टराने आपल्या मनाप्रमाणे तिला शिकवावे किंवा न शिकवावे.

या पेशाचा आरंभही मोठा गमतीचा आहे. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील एडमंड केल्स नामक दंतवैद्याने आपल्या दवाखान्यात एक बाई मदतीस ठेवली आणि तशी पाटी बाहेर लावली, असे या व्यवसायाच्या इतिहासात सांगतात. हेतू जंतूंचा नव्हताच. आत एक बाई आहे हे दिसले म्हणजे कुलीन स्त्रिया नवऱ्यास किंवा दासीस बरोबर न घेता दात दाखविण्यास येतील, एवढाच हिशेब होता. आजही आमच्या दवाखान्यात गावाकडची एखादी आजी खुर्चीत बसण्यापूर्वी ती मुलगी आत आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घेते. सव्वाशेहून अधिक वर्षांत हा हिशेब काही बदललेला नाही.

परंतु तिचे खरे काम खुर्चीपाशी नाही. ते मागच्या खोलीत, धुण्याच्या बेसिनपाशी आहे. रुग्णाला दिसतो तो दिवा, खुर्ची, डॉक्टराचा हात. त्याच्या तोंडात जाणारा आरसा, चिमटा, दात उपटण्याचा सांडस कोठून आला आणि काल कोणाच्या तोंडात होता, हे त्यास दिसत नाही. आणि डॉक्टर ते विसरून गेलेला असतो. ते जाणणारी एकच व्यक्ती त्या घरात असते, आणि बहुधा तिचाच पगार सर्वांत कमी असतो.

नव्या मुलीस आम्ही पहिल्या दिवशी खुर्चीजवळ उभीच करत नाही. तिला बेसिनपाशी नेतो, आणि घरी देवाची उपकरणी कशी घासतात ते विचारतो. पळी, पंचपात्री, ताम्हण, समई यांस चिंच लावतात, राखेने घासतात, समईच्या कडेचे काळे तेल आधी पुसून काढतात, हे ती अगदी उत्साहाने सांगते. मग आम्ही विचारतो, तेलकट समई तशीच गंगोदकाने धुतली तर चालेल काय? मुलगी हसते. हेच आमच्या शास्त्राचे पहिले सूत्र आहे. ज्या हत्यारावर रक्ताचा किंवा लाळेचा वाळलेला थर राहिला, ते कितीही उष्णतेत घातले तरी निर्जंतुक झाले असे म्हणता येत नाही. त्या थराखाली जंतू सुखाने बसून राहतो. म्हणून आधी घासणे, मग पाहणे, मग वाळविणे, मग पाकिटात घालणे आणि शेवटी ऑटोक्लेव्ह. हत्यारे वापरल्याबरोबर ओली ठेवावी, रक्त वाळू देऊ नये. धुण्याचे पाणी कोमट असावे, कढत नसावे. कढत पाण्याने रक्तातील द्रव्य अंड्यासारखे थिजते आणि हत्याराला चिकटून बसते. ब्रश पाण्याच्या पृष्ठाखाली ठेवून घासावे, नाहीतर जे उडेल ते तिच्या डोळ्यांत जाईल. हातात जाड रबरी मोजे हवेत, खुर्चीपाशी वापरतात ते पातळ नव्हेत. हे सारे लिहून दिले तर अर्ध्या पानात मावते. हातात मुरण्यास मात्र तीन महिने लागतात.

ऑटोक्लेव्ह समजावून सांगणे त्या मानाने सोपे. प्रत्येक घरात कुकर आहेच. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांपुढे तापत नाही, आणि काही जंतूंची बीजे शंभर अंशांस दाद देत नाहीत. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की तीच १२१ अंशांवर जाते, आणि दाब आणखी वाढविला की १३४ वर. पहिल्यास पंधरा मिनिटे धरावी लागतात, दुसऱ्यास तीन. फ्रान्समधील शांबरलां यांनी १८७९ साली हे यंत्र सिद्ध केले. आमच्या विद्यार्थिदशेत मात्र अनेक जुन्या दवाखान्यांत नुसते उकळण्याचे भांडे असे, आणि दोन रुग्णांच्या मध्ये हत्यार स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेण्याची चाल होती. त्या पिढीला दोष देण्याचे आमच्या मनात नाही; त्यांच्या हाताशी जे होते त्यात त्यांनी लोकांचे दात राखले. पण आज जो कोणी स्पिरिटच्या बोळ्यावर भागवितो, त्याला ही सवलत नाही.

यंत्रातून बाहेर आलेल्या पाकिटावरील पट्टी रंग बदलते, आणि तो बदललेला रंग पाहून नव्या मुलीस फार आनंद होतो. तो थोडा कमी करावा लागतो. पट्टी एवढेच सांगते की पाकिटाला उष्णता लागली. आतला जंतू मेला की नाही हे ती सांगत नाही. त्याकरिता उष्णतेला सर्वांत चिवट अशा एका जंतूची बीजे मुद्दाम यंत्रात ठेवून, नंतर ती उगवतात काय हे पाहण्याची निराळी कसोटी आहे. शिवाय पाकीट ओले निघाले तर ते कोरडे होण्याची वाट न पाहता पुन्हा यंत्रात घालावयाचे, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतो. एका मुलीने हे ऐकून पटकन म्हटले, "म्हणजे ओलेत्याने सोवळे होत नाही, असेच ना?" तिच्या घरी ओलेत्याने पाणी भरण्याची रीत होती. आम्ही म्हटले, येथे अगदी उलट. येथे कोरडे तेच सोवळे.

आणि येथेच जुन्या शब्दाची अडचण सुरू होते. उष्टे पाण्याने जाते, अशी आपली समजूत आहे. चूळ भरली, भांडे विसळले, जमिनीवर पाणी शिंपडून पुसून घेतले की उष्टे संपले. 'ब' प्रकारच्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बी चा विषाणू मात्र वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस संसर्ग देण्याइतका जिवंत राहतो; तो डाग डोळ्यांस दिसेल इतका मोठा असण्याचीही गरज नाही. दुसरी समजूत अशी की, रेशीम, सोने, तूप आणि वाहते पाणी यांस विटाळ नाही. रेशमाचे आणि सोन्याचे आमच्या दवाखान्यात काम नाही. पण वाहत्या पाण्याचे आहे, आणि ते फार घात करणारे आहे.

दात कोरण्याचे यंत्र, ज्याला आम्ही एअरोटर म्हणतो, मिनिटाला तीन लाखांहून अधिक वेळा फिरते, आणि दात तापू नये म्हणून त्याच्या तोंडातून पाण्याचा फवारा येतो. ते पाणी खुर्चीतल्या बारीक नळ्यांतून येते. रात्रभर ते तेथेच साचून असते, आणि नळीच्या आतील अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, जसा विहिरीच्या पायरीवर धरतो. सकाळी यंत्र सुरू केले की वाहते, स्वच्छ, चकचकीत पाणी येते; त्यात काय आले ते दिसत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीत ब्याऐंशी वर्षांची एक बाई लिजिओनेला जंतूच्या न्यूमोनियाने दगावली. आजाराच्या आधीच्या दिवसांत ती दंतवैद्याकडे जाण्यापुरतीच घराबाहेर पडली होती. तपास केला तेव्हा त्या दवाखान्यातील नळ्यांच्या पाण्यात तोच जंतू सापडला. ही हकीकत २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. म्हणून सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी दोन मिनिटे, आणि दर दोन रुग्णांमध्ये वीस-तीस सेकंद, ते पाणी नुसते वाहू देऊन टाकून द्यावयाचे असते. हे काम त्या मुलीचे. पाणी फुकट घालविणे आपल्या मुलींच्या जिवावर येते. मे महिन्यात, विहिरी तळास गेलेल्या असताना, एका मुलीने ते पाणी बादलीत धरून तुळशीला घातले. आम्ही हरकत घेतली नाही.

एका मुलीचे वडील तिला आमच्याकडे ठेवण्यापूर्वी स्वतः येऊन गेले, तो प्रसंग आमच्या लक्षात राहिला आहे. गृहस्थ देवळात सेवेस असत. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आधी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि मग हळूच म्हणाले, "डॉक्टरबाब, लोकांचें उश्टें काडपाचें काम न्हय तें?"

प्रश्न अपमान करण्यासाठी विचारलेला नव्हता, आणि तो खोटाही नव्हता. आपल्या घरांत उष्टी काढणे हे सर्वांत धाकट्या सुनेचे किंवा मोलकरणीचे काम. जेवण झाल्यावर पानांवरून जी उठत नाही, ती वाकते. आमच्या व्यवसायातही नकळत तीच उतरंड उतरली आहे. शिकलेले हात तोंडात, आणि न शिकलेले हात बेसिनमध्ये. आम्ही त्यांस उत्तर दिले नाही. मागच्या खोलीत नेले. कोणती बाजू मळक्या हत्यारांची, कोणती स्वच्छ, दोहोंमध्ये भिंतीवर तांबडी रेघ का ओढली आहे, आणि तांबड्या रेघेपलीकडची वस्तू उलट परत का येत नाही, हे दाखविले. ते बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी ज्याचे आयुष्य गेले, त्याला रेघेचा अर्थ आम्ही काय सांगावा? ऑटोक्लेव्हचे दार, पाकिटांवरील तारखा, सारे त्यांनी बारकाईने न्याहाळले, आणि निघताना जो प्रश्न विचारला तो आजवर दुसऱ्या कोणा पालकाने आम्हांस विचारलेला नाही. ते म्हणाले, "हें सगळें रोग्याखातीर जालें. आनी चेडवाक कितें जालें जाल्यार?"

हा प्रश्न फार जुना आहे, आणि हातमोज्यांचा जन्मच मुळी त्यातून झाला. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्टन नावाची परिचारिका होती. त्या काळी हत्यारे व हात पारद क्लोराइडच्या पाण्यात बुडवीत, आणि त्या पाण्याने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघू लागली. काम सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हा हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. रोग्यास जंतूंपासून वाचविण्याचा विचार त्यात नव्हता. तिचे हात वाचवावयाचे होते. तो लाभ पुढे हळूहळू ध्यानात आला. पुढे १८९० साली दोघांचा विवाह झाला, हा भाग ललित लेखकांच्या उपयोगाचा. आमच्या उपयोगाचा भाग एवढाच की, ज्या हॉल्स्टेडनी खालच्या जबड्याची शीर कोकेनने बधिर करून दाखविली आणि दंतवैद्यकावर उपकार केले, त्यांनीच ते मोजेही दिले; आणि आमच्या व्यवसायाने बधिर करण्याची युक्ती तेव्हाच उचलली, मोजे मात्र सुमारे शंभर वर्षे तसेच ठेवले. १९८० नंतरच्या दशकात एड्सचे भय पसरेपर्यंत बहुसंख्य दंतवैद्य उघड्या हातांनीच लोकांच्या तोंडात काम करीत होते.

त्या गृहस्थांना आम्ही जे सांगितले ते येथेही सांगतो, कारण या पत्राच्या वाचकांपैकी कित्येकांच्या लेकी-सुना अशा कामावर जात असतील. वापरलेली सुई बोटाला टोचली, आणि ती ज्याच्या तोंडात गेली होती त्याला रोग असला, तर एड्सचा विषाणू लागण्याचा संभव हजारात सुमारे तीन. 'क' काविळीचा शंभरात सुमारे दोन. आणि 'ब' काविळीचा, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत. लोक पहिल्या रोगाला भितात आणि तिसऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नसते. त्या तिसऱ्यावरच लस आहे. तीन सुया: पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून ती लागली की नाही हे पाहावयाचे. बालकांच्या नियमित लसीकरणात ही लस आपल्या देशात सर्वत्र पोहोचण्यास २०११ साल उजाडले. म्हणजे आज जी मुलगी अठरा-वीस वर्षांची होऊन कामाच्या शोधात निघाली आहे, तिच्या बाळपणीच्या कार्डावर ती लस असेलच, असे समजून चालता येत नाही. कार्ड पाहावे, नसल्यास सुई घ्यावी. आमचा आग्रह असा की, तिचा खर्च मालकाने करावा, मुलीने नव्हे, आणि पहिली सुई झाल्याखेरीज तिला बेसिनपाशीही उभी करू नये. काही व्यवसायबंधू म्हणतात, मुली चार महिन्यांत लग्न करून जातात, त्यांच्यावर खर्च कोण करणार? हा युक्तिवाद आम्हांस कधीच कळला नाही. विषाणू काही तिच्या लग्नाची तारीख पाहून थांबत नाही.

सुई टोचलीच तर बोट तोंडात घालावयाचे नाही, हे शिकविणे सर्वांत कठीण. सूईदोरा घेऊन हार ओवणाऱ्या मुलीचा हात आपोआप तोंडाकडे जातो. जायांच्या कळ्या ओवताना टोचले की ती तेच करीत आलेली असते. येथे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावयाचे, रक्त येत असेल तर येऊ द्यावयाचे, चोखायचे नाही, दाबायचेही नाही. आणि त्याच वेळी डॉक्टराला सांगावयाचे, संध्याकाळी नव्हे. एड्सवरचे प्रतिबंधक औषध सुरू करावयाचे झाले तर ते काही तासांतच करावे; बहात्तर तास उलटले की त्याचा उपयोग नाही. पुष्कळ मुली टोचल्याचे लपवितात. त्या अडाणी असतात म्हणून नव्हे. 'लक्ष कोठे होते तुझे?' हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून. ज्या दवाखान्यात हे वाक्य उच्चारले जाते, तेथे लसीचाही पुरता उपयोग नाही.

हे सारे शिकून मुलगी जेव्हा तयार होते, तेव्हा तिच्यात एक पालट दिसतो. दर गुरुवारी आमच्याकडे अक्कलदाढांच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावचे एक तज्ज्ञ येत. मोठे कुशल, मोठे घाईचे. एके दिवशी काम ऐन रंगात असताना त्यांच्या हातातील हत्यार निसटून रुग्णाच्या छातीवरील कापडावर आणि तेथून खाली पडले. त्यांनी वाकून ते उचलले, आणि हात पुन्हा तोंडाकडे जाणार, तोच ट्रेच्या पलीकडून आवाज आला, "दोतोर, तें सकयल पडलां. दुसरें दितां." आवाज मोठा नव्हता, थोडा कापराच होता. तज्ज्ञांचा हात थांबला. मुलीने पाकीट फाडून दुसरे पुढे केले, पडलेले चिमट्याने मळक्या ट्रेत टाकले, आणि त्यांस मोजे बदलावयास दिले. तेही त्यांनी काही न बोलता बदलले. काम संपल्यावर हात धुताना त्यांनी आम्हांस विचारले, "ही किती वर्षे आहे तुमच्याकडे?" आम्ही म्हटले, "बावीस दिवस."

वडिलधाऱ्या माणसास, त्यातही पुरुषास, त्यातही डॉक्टरास, भर कामात 'थांबा' म्हणावयाचे, हे आपल्या मुलींस कोणत्या घरात शिकविले जाते? आम्हांस तरी ठाऊक नाही. आणि रुग्णाचे हित पुष्कळदा त्या एका शब्दावर टांगलेले असते.

परदेशात सर्व काही आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे २०१३ साली एका दवाखान्याच्या सुमारे सात हजार रुग्णांना रक्त तपासून घेण्यास कळवावे लागले. हत्यारे गंजलेली निघाली, ऑटोक्लेव्हची कसोटी वर्षानुवर्षे झालेली नव्हती, आणि एका रुग्णाची 'क' कावीळ दुसऱ्यास तेथेच लागल्याचे चौकशीत सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात नॉटिंगहॅम भागातील एका दंतवैद्याच्या सुमारे बावीस हजार रुग्णांना असेच बोलावावे लागले. तेथे दोन रुग्णांमध्ये मोजे आणि हत्यारे बदलली जात नव्हती, आणि ते उघड झाले कोणीतरी गुपचूप केलेल्या चित्रणावरून. कायदा होता, नोंदवही होती, तपासनीस होते. तरी ते चालले.

आमच्याकडे आठ वर्षे काम केलेली एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडात स्विंडन येथे गेली. पोर्तुगीज पारपत्रावर गेलेली गोव्यातील पुष्कळ कुटुंबे त्या शहरी आहेत. तेथे तिने हेच काम धरले. पण आठ वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून पुन्हा शिकाऊ म्हणून. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तो तक्रारीचाच होता. येथे मुळाच्या उपचाराच्या बारीक सुया, ज्यांस आम्ही फाइल म्हणतो, एकदा वापरून टाकून देतात. डॉक्टर, केवढा हा अपव्यय! आम्ही तिला कारण सांगितले. इंग्लंडात गायींच्या मेंदूच्या रोगाची साथ आली, तो माणसांसही झाला, आणि त्याचे बीज नेहमीच्या उष्णतेने मरत नाही. म्हणून २००७ साली तेथील आरोग्यखात्याने त्या सुया एकदाच वापराव्या असे ठरविले. आपल्याकडे त्या निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची वहिवाट आहे. हत्यारे धुतल्यावर प्रकाशाच्या भिंगाखाली एकेक पाहावे लागते, पाकिटावर तारीख घालावी लागते, यंत्राची रोजची नोंद सही करून ठेवावी लागते, हे ती सांगत गेली. दुसऱ्या वर्षी ती परीक्षा उतरली आणि नोंदवहीत तिचे नाव चढले. त्या दिवशीच्या फोनवर तिने पगाराचे काही सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "डॉक्टर, हांगा म्हजें काम कितें तें लोकांक सांगूंक येता." येथे माझे काम काय ते लोकांना सांगता येते.

आम्ही तिच्यानंतर आलेल्या मुलींस आमच्यापुरती एक चिठ्ठी देऊ लागलो. तिला कायद्याचे काही बळ नाही. तिच्यावर मुलगी काय काय शिकली ते, लसीच्या तीन तारखा, आणि खाली आमची सही असते. एका मुलीने ती चौकटीत बसवून घरात देव्हाऱ्याच्या वर लावली आहे, असे तिच्या आईने सांगितले. दुसरीने दुसऱ्या दवाखान्यात ती दाखविली तेव्हा तेथील मालकाने हसून बाजूला ठेवली. ज्यांच्या घरची मुलगी अशा कामास जाणार असेल, त्यांनी पगार विचारण्याआधी निदान एवढे विचारावे: लस कोण देणार, वापरलेल्या सुया कशात टाकतात, आणि सुई टोचली तर कोणाकडे नेणार. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारदार वस्तूंसाठी पांढरी, न भोसकणारी पेटी असावी लागते; ती डोळ्यांनी पाहून घ्यावी. ज्या डॉक्टराला हे प्रश्न विचारलेले आवडणार नाहीत, त्याच्याकडे मुलीला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्ण म्हणूनही तेथे जाऊ नये.

सध्या आमच्याकडे जी मुलगी शिकत आहे ती श्रावणात आली. पहिली सुई त्याच दिवशी झाली, दुसरी भाद्रपदात. तिसरी माघात येते, आणि ती नेमकी कवळ्याच्या जत्रेच्या दिवसांत पडते, हे तिने आताच पंचांग पाहून आम्हांस सांगून ठेवले आहे. हात दुखला तर पालखीच्या गर्दीत कसे जाणार, ही तिची चिंता. सुई जत्रा झाल्यावर दिली तरी चालते. चार-आठ दिवस उशीर झाल्याने लस वाया जात नाही, लवकर मात्र देऊ नये. तेव्हा तिला पंचमीची सुट्टी दिली आहे, आणि सप्तमीस सकाळी नऊ वाजता, पाण्याच्या नळ्या दोन मिनिटे सोडून झाल्यावर, तिची सुई ठरली आहे.